मारुती ८०० मध्ये कूलंट टेंपरेचरचा वेगळा गेज: सेन्सर नेमका कुठे बसवावा?

आंबेनळीकर

नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची मारुती ८००, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची), एसीवाली. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो आणि अजून बरीच वर्षं चालवायची आहे. आम्ही राहतो साताऱ्यात, गाव पोलादपूरजवळ. त्यामुळे महाबळेश्वर उतरून आंबेनळी घाटानं जाणं-येणं कायमचं. जाताना घाटात सगळा उतार, काही चिंता नसते. येताना मात्र पोलादपूर सोडलं की चढ. गाडीत चार माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, वर एप्रिल-मेचं ऊन. मग गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जातच नाही.

डॅशबोर्डवर काटा आहे, पण सी आणि एच यांच्यामध्ये एकही आकडा नाही. काटा मध्याच्या वर सरकला की मी एसी बंद करतो. पण त्या वेळी पाणी ९८ अंशांवर आहे की १०८ वर, हे कसं कळणार? मला आकडा हवाय.

त्यासाठी ५२ मिमीचा इलेक्ट्रॉनिक गेज घेतलाय. सोबत एका वायरचा सेंडर (म्हणजे गेजचा सेन्सर) आहे, त्याला १/८ एनपीटीचे (अमेरिकी मापाचे) आटे. होज पाइप कापून मध्ये बसवायचा ॲल्युमिनियमचा जोडही घेतलाय. रेडिएटर साफ आहे, फॅन वेळेवर लागतो, कूलंट हिरवं, निम्मं पाणी निम्मं कूलंट.

प्रश्न असे: जोड रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये टाकू का? की थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगला भोक पाडून आटे मारून घेऊ? आणि वायरिंगमध्ये काय सांभाळायचं?

उद्यमनगर

आंबेनळीकर, कोल्हापुरात गॅरेज आहे माझं. आधी एक काम करा. सकाळी गार गाडी चालू करा, बोनेट उघडा आणि हात लावून बघा कुठला पाइप आधी तापतोय. बहुतेक छोट्या पेट्रोल इंजिनांत हेडमधनं (इंजिनाच्या वरच्या भागातनं) पाणी बाहेर पडतं तिथंच थर्मोस्टॅट बसवलेला असतो. तसं असेल तर हीटरकडं जाणारा बारका पाइप दोन-चार मिनिटांत कोमट लागेल आणि वरचा मोठा होज गारच राहील. थर्मोस्टॅट उघडला की मगच तो एकदम तापतो.

ह्याचा अर्थ काय, बघा. वरच्या होजमध्ये सेन्सर टाकला तर तो थर्मोस्टॅटच्या पलीकडं बसला. सुरुवातीला गेज चाळीस-पन्नास दाखवत बसणार, इंजिनात ऐंशी झालेले असणार. तेवढं चालतं, ते कळून घेता येतं. पण उद्या थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर? हेडमध्ये पाणी उकळतंय आणि तुमचा नवा गेज पन्नास दाखवतोय. ज्या दिवशी गेजनं ओरडायचं, त्याच दिवशी तो गप्प.

म्हणून माझं मत, हीटरच्या पाइपात टाका. तिथलं पाणी थर्मोस्टॅटच्या आधी निघतं आणि सारखं फिरतं. जोड मात्र त्या मापाचा आणा. हीटरचा पाइप साधारण १६ मिमीचा असतो, वरचा होज त्याच्या दुप्पट जाड. नळीच्या तोंडाला व्हर्नियर लावून माप घ्या आणि मगच खरेदी करा.

हाउसिंगला भोक पाडायचा विचार सोडा. ते ओतीव ॲल्युमिनियम आहे, भिंत पातळ. १/८ एनपीटीसाठी साधारण साडेआठ मिमीचं भोक पाडून टॅप मारायचा तर आट्यांना धरायला जाडी पाहिजे. पाडायचंच असेल तर हाउसिंग सोडवून बाकावर घेऊनच पाडा. गाडीवर असताना पाडलं की बुरादा पाण्याच्या वाटेत जातो.

शून्यअंश

उद्यमनगर दादांशी जागेबद्दल सहमत, पण एक अट जोडते. जुन्या गाड्यांमध्ये हीटरच्या पाण्याला तोटी असते. डॅशवरचा कंट्रोल थंडवर ठेवला की तोटी बंद, आणि त्या पाइपातलं पाणी जागच्या जागी थांबतं. मग सेन्सर साचलेल्या पाण्याचं तापमान सांगत राहील. तुमच्या गाडीत तोटी कुठे आहे ते शोधा आणि जोड इंजिन व तोटी यांच्यामध्ये न टाकता, शक्य असेल तर बायपासच्या (रेडिएटर टाळून पाणी फिरवणाऱ्या वाटेच्या) सतत वाहत्या भागात टाका. तसा भाग सापडलाच नाही तर वरचा होज घ्या, पण त्याच्या मर्यादा माहीत असू द्या.

मी ठाण्याला असते, कामच तापमान मोजण्याच्या उपकरणांचं. त्यामुळे वायरिंगबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गेज चुकीचा दाखवतो अशा ज्या तक्रारी येतात त्यांत खुद्द गेज बिघडलेला फार कमी वेळा असतो.

सेंडर म्हणजे आत एक थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो, आणि सरळ रेषेत नाही, आधी भराभर आणि मग हळूहळू. १२० अंशांपर्यंतच्या एका सर्रास मिळणाऱ्या सेंडरचे आकडे असे: ४० अंशांना सुमारे २९० ओहम, ८० ला सुमारे ७०, १०० ला ३८ आणि १२० ला २२. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, गेज आणि सेंडर एकाच जोडीचे हवेत. सेंडर खराब झाला म्हणून आटे जुळणारा कुठलाही आणून बसवला तर काटा हलेल, पण आकडा खोटा असेल. दोन, घाटात आपल्याला जो टप्पा बघायचा आहे तिथे १०० आणि १२० मध्ये फरक फक्त पंधरा-सोळा ओहमचा आहे. वायरच्या गंजलेल्या जोडात दोन-चार ओहम सहज जातात, म्हणजेच काही अंश गेले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा सेंडर एका वायरचा आहे. त्याची दुसरी वायर म्हणजे त्याचं पितळी अंग. ते इंजिनच्या धातूला टेकून निगेटिव्ह मिळवतं. पण तुमचा जोड बसणार दोन रबरी नळ्यांच्या मध्ये! रबरातून अर्थिंग मिळत नाही. कूलंटमधून थोडाफार प्रवाह जातो, त्यामुळे काटा अगदीच मेल्यासारखा दिसत नाही, काहीतरी दाखवतो, आणि ते काहीतरी चुकीचं असतं. त्यासाठी जोडाच्या अंगावर क्लिपखाली किंवा स्क्रूनं एक रिंग टर्मिनल लावा आणि तिथून जाड वायर थेट इंजिन ब्लॉकच्या बोल्टला न्या. बॉडीला नको, ब्लॉकलाच. गेजची काळी वायरही शक्यतो तिथूनच घ्या.

पिंपरीचा_पान्हा

एवढा खटाटोप कशाला? घाटात गाडी तापते ना, थर्मोस्टॅट काढून टाका. आमच्याकडे सगळे जुने मेकॅनिक हेच करतात. पाणी सतत फिरतं, गाडी तापायचा प्रश्नच मिटला.

उद्यमनगर

पान्हा भाऊ, ही सवय मोडायला पाहिजे असं मला मनापासनं वाटतं. थर्मोस्टॅट काढलेल्या गाड्या रोज बघतोय. हायवेला पावसाळ्यात पाणी साठ अंशाच्या वर जातच नाही. एमपीएफआय गाडीत ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून गारच आहे, म्हणून ते पेट्रोल जास्त सोडतं. ॲव्हरेज पडतो, प्लग काळे होतात, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचून ते खराब व्हायला लागतं. सिलिंडरची झीज गार इंजिनात जास्त होते.

आणि काही इंजिनांत तर उलटाच परिणाम होतो. थर्मोस्टॅटला मागच्या बाजूला एक चकती असते. गाडी तापली की ती बायपासचं तोंड बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडं जावं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. पाणी सोपी वाट धरतं, रेडिएटर टाळून परत इंजिनात. म्हणजे चढावर गाडी आणखी तापली.

घाटात गाडी तापत असेल तर आधी रेडिएटरचं झाकण बदला. सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात दुर्लक्षित.

पिंपरीचा_पान्हा

बायपासचं माहीत नव्हतं. झाकणानं एवढा काय फरक पडतो, ते पण सांगा.

शून्यअंश

मी सांगते, आकडे हाताशी आहेत.

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. ०.९ बारचं झाकण धड असेल तर समुद्रसपाटीला साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं कूलंट असेल तर उत्कलनबिंदू आणखी आठ-दहा अंश वर जातो. आता झाकणाची स्प्रिंग थकली, रबर कडक झालं आणि ते ०.३ बारलाच सोडायला लागलं, तर साधं पाणी १०७ च्या आसपास उकळेल. तुमचा रेडिएटर, पंप, फॅन सगळं तेच, पण दहा-बारा अंशांची राखीव जागा गेली.

त्यात उंचीचा भाग आहे. झाकण बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त धरतं, आणि बाहेरची हवाच वर गेल्यावर विरळ होते. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. बंद रेडिएटरमध्येही कोकणाच्या तुलनेत तीनेक अंश कमी मिळतात. म्हणजे आंबेनळी चढताना इंजिनवरचा ताण सर्वांत जास्त जिथे साचलेला असतो, त्याच माथ्यावर उकळण्याची मर्यादा थोडी खाली आलेली असते. फार नाही, पण थकलेल्या झाकणाबरोबर मिळून ती नडते.

चोर्लाघाट

साखळीहून बेळगावला चोर्ला घाटानं नेहमी जातो, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. माझी गाडी २०१८ ची आहे. मी फक्त ओबीडीचा डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) लावलाय आणि मोबाइलवर कूलंटचा आकडा बघतो. कुठं काही कापलं नाही. आंबेनळीकर हे का करत नाहीत?

आंबेनळीकर

चोर्लाघाट, आधी तेच करून बघितलं. माझ्या २००६ च्या गाडीशी साधा डोंगल जोडलाच जात नाही. नव्या गाडीत मीही तेच केलं असतं.

शून्यअंश

नव्या गाडीत ओबीडीच योग्य. तो आकडा थेट ईसीयूच्या सेन्सरचा असतो, कंपनीनं विचार करून निवडलेल्या जागेवरचा. ईसीयू तो एका बाइटमध्ये पाठवतं, त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सियस मिळतात. वॉरंटीतल्या गाडीची एकही वायर कापू नये, होज तर नाहीच.

एक सावधगिरी आहे. तो सेन्सरच तुटला तर बरीच ईसीयू स्वतःच्या मनानं एक ठरावीक तापमान धरून चालतात आणि फॅन कायम चालू ठेवतात. मोबाइलवर आकडा अगदी स्थिर, एका अंशानंही न हलणारा दिसला तर शंका घ्या. जिवंत इंजिनचा आकडा सतत थोडा खालीवर होतो.

आणि आंबेनळीकर, तुमच्यासाठी: नव्या गेजची वायर ईसीयूच्या सेन्सरला कधीही जोडू नका. काही जण एकच सेन्सर दोघांना वापरू म्हणून तसं करतात. ईसीयूचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, २० अंशांना अडीच हजार ओहम आणि ८० ला तीनशेच्या आसपास. त्याला ईसीयू पाच व्होल्टमधून वाचतं. तुमचा गेज त्यात समांतर जोडला की ईसीयूला दिसणारं तापमान बदलतं. मग पेट्रोलचं प्रमाण चुकतं आणि फॅन कधी लावायचा तेही चुकतं. गेजला स्वतःचा सेंडर हवा, डॅशच्या जुन्या काट्याला त्याचा स्वतःचा राहू दे.

सीताबर्डी

नागपूरहून लिहितोय. आमच्याकडं मे महिन्यात बाहेरच ४५-४६ असतं, म्हणून हा धागा वाचतोय. एक विचारतो: आटे जुळतात का ते कसं ओळखायचं जी? मी बाजारातून आणलेला सेंडर दोन फेरे आरामात गेला, मग अडकला.

उद्यमनगर

थांबा, जोर लावू नका! तो बहुतेक बीएसपी (ब्रिटिश मापाचा आटा) असणार, किंवा जोड बीएसपीचा आणि सेंडर एनपीटीचा. १/८ एनपीटीला इंचाला २७ आटे, १/८ बीएसपीला २८. डोळ्याला फरक दिसत नाही. दोन-तीन फेरे जातात, मग आटे एकमेकांवर चढतात. पितळ आणि ॲल्युमिनियम असेल तर ॲल्युमिनियमचे आटे चेचले जाणार. तिसरी भानगड एम१० बाय १ ची (मेट्रिक आट्याची), तोही दिसायला तसाच. लेथवाल्याकडं आटे मोजायची पाती असतात, पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवर एका आट्याचा दुसऱ्या आट्याला बुशिंग करून मिळतं, नागपुरातही मिळेल.

एनपीटी निमुळता असतो, आट्यांवरच सील होतो. त्याला वॉशर लागत नाही. हातानं घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्ह्यानं एक-सव्वा फेरा, बस. एम१० सरळ आट्याचा, त्याला खाली तांब्याचा वॉशर पाहिजेच. वॉशर नसताना टेपचा गठ्ठा बांधून पाणी थांबवतात, ते काम दोन महिने टिकतं.

सीताबर्डी

टेफ्लॉन टेप लावायची की नाही?

शून्यअंश

एका वायरच्या सेंडरला शक्यतो टाळा, द्रव सीलंटचा पातळ थर पुरतो. टेप लावलीच तर पहिले दोन आटे मोकळे ठेवा आणि बसवल्यावर मल्टीमीटरनं सेंडरच्या षट्कोनी अंगापासून ब्लॉकपर्यंत रोध मोजा. एक ओहमच्या आत हवा. जास्त असेल तर टेपनं अर्थिंग तोडलंय. दोन वायरींचा सेंडर मिळाला तर हा सगळा प्रश्नच राहत नाही. थोडे पैसे जास्त जातात, पण मी तोच घेईन.

बसवायच्या आधी घरीच तपासा. पातेल्यात पाणी उकळा, सेंडरचं टोक बुडवा, दोन टोकांना मल्टीमीटर. सातारा सुमारे ७४० मीटरवर आहे, तेव्हा तुमच्याकडे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांना उकळेल, शंभरला नाही. पाकिटावरच्या तक्त्याशी आकडा जुळवताना हे धरा. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

मचवा

मी अलिबागकडचा, मच्छीमारी बोटींच्या डिझेल इंजिनांवर काम करतो. तुमची चर्चा विजेच्या गेजवर चाललीय म्हणून सांगतो, विजेशिवायचा गेजही असतो. एक पितळी बल्ब, त्यापासून बारीक नळी, दुसऱ्या टोकाला गेज. बल्बमध्ये लवकर वाफ होणारा द्रव भरलेला. तापला की वाफेचा दाब नळीतून गेजपर्यंत जातो आणि काटा हलतो. बॅटरी मेली, वायर सडली, तरी तो खरं बोलतो. खाऱ्या हवेत आम्हाला तोच भरवशाचा वाटतो. ट्रॅक्टर आणि जुन्या जीपगाड्यांतही हाच असायचा.

फक्त नळी कापता येत नाही, जोडता येत नाही. लांबी उरली तर मोठा वेटोळा करून बांधायची, मुरगळली की गेज गेला. बल्बही जाडा असतो, ८०० च्या हीटर पाइपात मावणार नाही.

उद्यमनगर

मचवा, बरोबर. आणि आता मूळ मुद्दा लिहितो, जो अजून कुणी काढला नाही. आंबेनळीकर, हे नीट वाचा.

गेज पाण्याचं तापमान दाखवतो. पाणी असेल तरच. माझ्याकडं हेड फेसिंगला (वाकलेलं हेड घासून सपाट करायला) जेवढ्या गाड्या येतात, त्यातल्या कितीतरी मालकांचं वाक्य एकच असतं: काटा तर खाली होता! खाली असणारच. होजची क्लिप सुटली किंवा पंपाचं सील गेलं, घाटात पाणी वाहून गेलं. सेन्सरचं टोक उघडं पडलं, त्याच्याभोवती नुसती हवा किंवा वाफ. हवा त्याला पाण्यासारखी तापवू शकत नाही. काटा ११० वरनं सरसर ८०, ७० वर येतो. ड्रायव्हरला वाटतं, बरं झालं, गाडी निवली. तो रेटत राहतो. आत हेड लाल व्हायच्या वाटेवर असतं.

ॲल्युमिनियमचं हेड असं तापलं की वाकतं. लहान इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये हेडच्या सपाटीची मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढं वाकलं की गॅस्केट धरत नाही. मग पाणी ऑइलमध्ये, ऑइल पाण्यात.

म्हणून चढावर तापमान वर गेलं आणि काही कारण नसताना भराभर खाली आलं, तर ती चांगली बातमी नाही. त्या क्षणी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. चढ संपला, सपाटी आली, फॅन लागला, म्हणून खाली येणं वेगळं, ते सावकाश येतं.

गेजच्या जोडीला दुसरी एक गोष्ट लावा. कूलंटची पातळी सांगणारा सेन्सर, किंवा हेडच्या बोल्टखाली बसणारा, धातूचं तापमान मोजणारा रिंगचा सेन्सर. रिंगवाल्याला पाणी लागत नाही. पाणी गेलं तरी तो हेड किती तापलंय ते सांगतो. माझ्या स्वतःच्या गाडीत दोन्ही आहेत, आणि एकच परवडत असेल तर मी आधी रिंगवाला लावीन.

चोर्लाघाट

काका, हे वाचून अंगावर काटा आला. मोबाइलवर आकडा खाली आला की मी खूशच होत होतो. रिंगचा सेन्सर आणतो.

शून्यअंश

दादा, हे प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला हवं. मोजणाऱ्याच्या भाषेत एवढंच जोडते: सेन्सर फक्त त्याच्या टोकाचं तापमान सांगतो. टोक वाहत्या पाण्यात मध्यावर असेल तर ते पाण्याचं. टोक जोडाच्या खोबणीत मागे राहिलं असेल तर ते अर्धं पाण्याचं आणि अर्धं ॲल्युमिनियमच्या जोडाचं, ज्याला बाहेरून फॅनची हवा लागतेय. जोड विकत घेताना सेंडरचं टोक आत प्रवाहापर्यंत पोचतंय का बघा. आणि जोड असा फिरवून बसवा की सेंडर बाजूला किंवा खाली येईल. वरच्या बाजूला असेल तर हवेचा बुडबुडा नेमका तिथेच अडकतो.

आंबेनळीकर

मंडळी, काम झालं. दादा आणि ताई, तुम्ही दोघांनी जे लिहिलंत ते छापून गॅरेजमध्ये घेऊन गेलो होतो.

हात लावून बघितलं तर दादा म्हणाले तसंच, हीटरचा पाइप आधी तापला. तोटी आहे, पण तिच्यापर्यंत जाणाऱ्या नळीलाच एक छोटा परतीचा फाटा आहे, त्यातून पाणी कायम फिरतं. जोड त्या फाट्याच्या अलीकडे बसवला, सेंडर बाजूला वळवून. जोडापासून ब्लॉकपर्यंत वेगळी वायर, मल्टीमीटरवर ०.२ ओहम. गेजला पॉझिटिव्ह इग्निशनवरून घेतला, मध्ये तीन अँपिअरचा फ्यूज, पॉझिटिव्हच्या टोकाजवळच. सेंडरची वायर फायरवॉलमधून रबरी ग्रोमेट घालून आत आणली, प्लगच्या वायरींपासून लांब. रेडिएटरचं झाकण नवं ०.९ चं टाकलं. रिंगचा सेन्सर मागवलाय.

पाणी भरताना गॅरेजवाल्या मामांनी गाडीचं तोंड उतारावर वरच्या बाजूला केलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. वरचा होज तापेपर्यंत बुडबुडे येत राहिले, पाणी खाली जात राहिलं, ते भरत गेले. कूलंटमध्ये बोअरचं पाणी अजिबात घातलं नाही, बॅटरीचं डिस्टिल्ड आणलं. काढलेलं कूलंट कॅनमध्ये भरून घरी आणलं, कारण ते गोड लागतं आणि कुत्र्या-गुरांनी प्यायलं तर जिवावर बेततं, असं मामा म्हणाले.

आकडे: सपाट रस्त्यावर ८४ ते ८७. ट्रॅफिकमध्ये ९६ ला फॅन लागतो, ९१ ला बंद होतो. आंबेनळी चढताना एसी लावून, दुपारच्या उन्हात, १०३. एसी बंद केला की पुढच्या दोन-तीन वळणांत ९८. डॅशचा जुना काटा ८४ ते ९७ मध्ये जेमतेम काडीभर हलतो. तो नजरेत भरेल इतका वर जातो तेव्हा पाणी १०० च्या पुढे गेलेलं असतं.

बझर किती अंशांना लावू? गेजमध्ये सोय आहे.

उद्यमनगर

आकडे उत्तम आहेत, गाडी निरोगी आहे. बझर १०६ ला लावा. १०३ पर्यंत तुमची रोजची चाल आहे, तिथं लावला तर तो सारखा वाजणार आणि तुम्ही बंद करून टाकणार.

बझर वाजला तर क्रम असा: एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात, खिडक्या उघड्या. घामाघूम व्हाल पण तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे. दुसऱ्यात इंजिन घुसमटत असेल तर पहिला टाका, आरपीएम वाढला की पंप जास्त पाणी फिरवतो. तरी चढतंय, ११२ झालं, तर बाजूला घ्या, पातळी ठीक असेल तर न्यूट्रलमध्ये थोडा ॲक्सिलरेटर देऊन चालू ठेवा, लगेच बंद करू नका. बंद केलं की पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता जागेवरच साठते. पाणी गळताना दिसलं तर मात्र तत्काळ बंद. झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही, तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही.

आणि होजच्या क्लिपा चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा आवळा. नवीन जोडावर रबर बसतं आणि क्लिप ढिली होते.

सीताबर्डी

दादा, ताई, लेथवाल्याकडून बुशिंग करून घेतलं, सेंडर नीट बसला, गळती नाही. माझी गाडी डिझेल पिकअप आहे, सेंडर थेट ब्लॉकच्या प्लगच्या जागी लावलाय. दिवसा गेज ८८ दाखवतो. रात्री हेडलाइट लावले की काटा एकदम ९७ वर, बंद केले की परत ८८. फॅन वाढवू का?

शून्यअंश

फॅनला हात लावू नका. हेडलाइट लावल्यावर एका क्षणात पाणी नऊ अंश तापत नाही. हे अर्थिंगचं आहे.

इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टीमीटर डीसी व्होल्टवर घ्या. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. लाल टोक आधी सेंडरच्या अंगावर, मग गेजच्या काळ्या वायरीच्या टोकावर. दोन्हीकडे ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. सेंडरकडे जास्त आलं तर इंजिन ते बॅटरीची पट्टी गंजलीय, ती काढून घासा किंवा बदला. गेजकडे जास्त आलं तर तुम्ही त्याची काळी वायर हेडलाइटच्या किंवा डॅशच्या सामाईक अर्थला जोडली असेल. ती तिथून सोडवून वेगळ्या वायरीनं ब्लॉकवर न्या. आधी मोजा आणि दोन्ही आकडे इथे टाका, मग बघू.